स्कॅगवेची काटक्यांची इमारत: अस्सल की टूरिस्टांसाठी?

ओसरीवरची_मनी

मंडळी, एक शंका आहे, इथे अलास्का-कॅनडावाले बरेच आहेत म्हणून विचारतेय.

जूनमध्ये आईबाबांना घेऊन अलास्काची क्रूझ केली. स्कॅगवेला बोट दिवसभर थांबते, बाबा रिटायर्ड रेल्वेवाले त्यामुळे ते तिथल्या व्हाइट पास घाटातून जाणाऱ्या ट्रेनवरच फिदा, पण मला त्या ब्रॉडवे नावाच्या मेन रोडवरच्या एका इमारतीने जे पकडलं ते अजून सोडलं नाहीये. आर्क्टिक ब्रदरहुड हॉल. रस्त्याकडची अख्खी दर्शनी भिंत काटक्यांनी मढवलीये! लांबून नक्षी वाटते, जवळ गेलं की कळतं की एकेक काटकी वेगळी कापून खिळ्याने ठोकलीये, एका चौकोनात उभ्या तर शेजारच्यात आडव्या, कुठे तिरक्या. काही मनगटाएवढ्या जाडसुद्धा आहेत, काही नुसत्या वाकड्यातिकड्या. आई म्हणाली एवढ्या सरपणात आपलं वर्षभराचं पाणी तापलं असतं 😀

आता प्रश्न. गाईड म्हणाला १८९९ची आहे आणि ८८०० च्या वर काटक्या आहेत. मला पटत नाहीये. सोन्यामागे ऊर फुटेस्तोवर धावणारी माणसं, ती कशाला काटक्या ठोकत बसतील? आणि समुद्राच्या वाऱ्यात सव्वाशे वर्षं लाकूड टिकतं का? की हे सगळं क्रूझवाल्यांसाठी नंतर केलेलं आहे?

---

बर्फाळ_बाजीराव

मनीताई, मी व्हँकुव्हरला असतो, स्कॅगवे बरंच बघितलंय. गाईड बरोबर आहे, ८८३३ हा आकडा सगळीकडे सांगतात. काटक्या म्हणजे किनाऱ्यावर वाहून आलेलं लाकूड, स्कॅगवेच्या खाडीवरून गोळा केलेलं. ब्रदरहुड म्हणजे तिथल्या मंडळींचा एक क्लब, त्याच्या चार्ली वॉकर नावाच्या सभासदाने बाकीच्यांना कामाला लावून ते ठोकलं.

घाईचं म्हणाल तर तारखा बघा म्हणजे उलगडा होईल. स्कॅगवेवरून डोंगर ओलांडून गाठायच्या कॅनडातल्या क्लोंडाइकला सोनं सापडलं ऑगस्ट १८९६ला, बातमी सिॲटलला पोचली जुलै १८९७ला आणि मग जी झुंबड उडाली ती १८९७-९८ची. तेव्हा स्कॅगवे म्हणजे तंबू, चिखल, घोड्यांचे सांगाडे आणि सोपी स्मिथसारखे भामटे. कॅनडाचे पोलीस सीमेवर अडवायचे, वर्षभराचा शिधा आणि सामान, म्हणजे जवळजवळ टनभर, दाखवल्याशिवाय पुढे सोडायचे नाहीत, त्यामुळे ते सामान थोडं थोडं पाठीवर घेऊन तोच डोंगर पुन्हा पुन्हा चढायचा. त्या वर्षी कुणी काटकी ठोकली असती तर ती तंबूच्या खुंटीसाठी.

पण सोपी स्मिथ जुलै १८९८ला धक्क्यावर गोळीबारात मेला आणि फेब्रुवारी १८९९ला रेल्वे व्हाइट पासच्या माथ्यावर पोचली. त्याच महिन्यात स्कॅगवेला येणाऱ्या ‘सिटी ऑफ सिॲटल’ बोटीवर या ब्रदरहुडची स्थापना झाली. त्याच वर्षी अलास्काच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या नोमच्या सोन्याची हवा झाली, हौशे-गवशे तिकडे पळाले. गावात उरले ते दुकानदार, रेल्वेवाले, बोटींचे एजंट. त्यांना आता आपलं गाव दरोडेखोरांचं नाही, घरंदाज माणसांचं आहे असं दाखवायचं होतं. म्हणजे घाई ९८ची आणि इमारत ९९ची. मधल्या एका वर्षात माणसंच बदलली.

---

रंधा_आणि_पटाशी

बाजीरावांना अनुमोदन. मी आर्किटेक्ट आहे, जुन्या लाकडी वाड्यांच्या दुरुस्तीची कामं करतो, त्यामुळे थोडं बांधकामाच्या बाजूने.

पहिली गोष्ट म्हणजे काटक्यांवर इमारतीचा काहीच भार नाही. आपल्याकडे कोकणात कारवीचा कूड असतो तिथे काटक्याच भिंत असतात, शेणमातीने लिंपलं की झालं. इथे उलटं आहे. मागे साधा लाकडी सांगाडा, त्यावर फळ्या, आणि काटक्या म्हणजे नुसता पेहराव. तोही फक्त रस्त्याकडच्या बाजूला! बाजूला वळून बघितलंत का? बाजूच्या भिंती अगदी साध्या आहेत. त्या काळच्या सगळ्या बूमटाऊनमध्ये, म्हणजे झुंबडीत रातोरात उभ्या राहिलेल्या गावांत, हीच पद्धत, मागे बुटकं छपराचं शेड आणि पुढे उंच खोटी दर्शनी भिंत, रस्त्यावरून दुमजली रुबाब वाटावा म्हणून. ब्रदरहुडवाल्यांनी त्या खोट्या भिंतीला काटक्यांचा जरीकाठ लावला इतकंच.

दुसरं, ही काय जंगली माणसांची जुगाडू आयडिया नव्हे. गावात आरागिरण्या होत्या, सरळ फळी सहज मिळत होती. पण व्हिक्टोरियन काळात श्रीमंतांच्या बागांमधून फांद्या-मुळ्यांचे बाक, कमानी, झोपड्या करायची भारी फॅशन होती. हा हॉल त्याच शैलीतला आहे, फक्त अख्ख्या भिंतीवर करायची हिंमत फार कुणी केलेली नाही. मला विचाराल तर यात थोडा दिखाऊपणाही आहे, आम्ही रानटी मुलखात राहतो पण आमची टेस्ट बघा असा. आणि मला तो आवडतो, कारण दारावर सोनं धुवायची परात लावून त्यात एबी (आर्क्टिक ब्रदरहुडची आद्याक्षरं) लिहायची मिजासही त्यांनीच केलीये.

टिकण्याचं म्हणाल तर वाहून आलेल्या लाकडाची साल आधीच गेलेली असते, पाण्याने घासून लाकूड गुळगुळीत झालेलं असतं, सालीखाली किडे लपायचा प्रश्न कमी. शिवाय स्कॅगवेला त्या पट्ट्यातल्या मानाने पाऊस बराच कमी, दक्षिणेकडच्या पावसाळी केचिकनला ही भिंत असती तर केव्हाच कुजली असती. तरी खिळ्याच्या भोकातून आणि काटकी-फळीच्या फटीत पाणी राहतंच. म्हणून २००४-०५च्या हिवाळ्यात अख्खी दर्शनी बाजू उतरवून काम केलं. साधारण ४० टक्के काटक्या कुजलेल्या निघाल्या, त्या बदलल्या, बाकी जुन्याच परत लावल्या. नुसती कल्पना करा, हजारो काटक्या, प्रत्येकीची लांबी-जाडी वेगळी, आणि प्रत्येक आपल्या मूळ जागीच गेली पाहिजे. इथे आम्हाला एका वाड्याच्या महिरपीचे आठ तुकडे सांभाळताना घाम फुटतो, त्यातले दोन मजुरांनी चहा करायला जाळले होते.

---

शंकासुर

म्हणजे ४० टक्के नवीन! मग १८९९ची कशी म्हणायची राव? मनीताईंचा संशय निम्मा तरी खरा ठरला की.

---

रंधा_आणि_पटाशी

@शंकासुर लाकडी इमारतीत असंच असतं हो. कौलं दर पावसाळ्याआधी शाकारतो म्हणून वाडा नवा होतो का? जागा तीच, सांगाडा तोच, नक्षी जुनी तशीच, आणि बदललेलंही लाकूडच. मला यात काहीच गैर वाटत नाही. प्लास्टिकच्या काटक्या लावल्या असत्या तर मीच पहिला ओरडलो असतो.

---

तिरकी_रेघ

शंकासुरांना अजून खाद्य देते 😄 त्याच ब्रॉडवेवरच्या कितीतरी इमारती मुळात तिथल्या नाहीतच. बूम ओसरल्यावर गावात रिकाम्या इमारती सगळीकडे पसरलेल्या, आणि धंदा तर सगळा रेल्वे आणि धक्क्याजवळ. मग लोकांनी इमारतीच उचलून ब्रॉडवेवर आणल्या. ते सोनेरी घुमटाचं गोल्डन नॉर्थ हॉटेल आहे ना कोपऱ्यावर, ते १९०८ला सरकवलंय आणि तेव्हाच वरचा मजला आणि घुमट चढवला. म्हणजे आज जो सलग ‘जुना रस्ता’ दिसतो तो बऱ्यापैकी नंतर जमवलेला आहे. त्यात एबी हॉल बिचारा प्रामाणिक.

आणि मनीताई, लाकडाचं वेड लागलंच असेल तर पुढच्या वेळी बोट सोडून गाडीने वर कॅनडातल्या युकॉनमध्ये जा. व्हाइटहॉर्सला ओंडक्यांची ‘गगनचुंबी’ इमारत आहे, तीन मजल्यांची! सत्तरीतल्या मार्टिन बेरिगन नावाच्या आजोबांनी १९४०च्या दशकात बांधली. गगन जरा खालीच आहे तिथलं. आणि डॉसन सिटीला तर दोन जुनी घरं एकमेकांच्या अंगावर रेललेली आहेत, लोक त्यांना चुंबन घेणारी घरं म्हणतात. रोमान्स वगैरे काही नाही, खालची गोठलेली जमीन घराच्या उबेने वितळते आणि पाया एका बाजूला खचतो. तिथे नवीन घरं जमिनीपासून उचलूनच बांधतात, खालून गार वारा खेळता राहावा म्हणून.

---

ओसरीवरची_मनी

वा, एवढी माहिती मिळेल वाटलं नव्हतं, सगळ्यांना थँक्यू. बाजूच्या भिंती बघितल्याच नाहीत, आम्ही सगळे समोरून सेल्फी काढण्यात दंग. बाबांना रेल्वे आणि हॉल एकाच वर्षातले हे वाचून दाखवलं तर म्हणे “बघ, रेल्वे आली की गाव माणसांत येतं”, आता हे महिनाभर ऐकावं लागणार.

रंधाभाऊ, एक राहिलं. त्या काटक्यांना वरून काही लावतात का? जरा चमकत होत्या, की मलाच तसं वाटलं?

---

रंधा_आणि_पटाशी

तिथे नेमकं काय वापरलंय ते त्यांच्या देखभालवाल्यांनाच विचारायला हवं. सर्वसाधारण सांगायचं तर असल्या कामावर जाड व्हार्निशचा थर मला पसंत नाही, चिरला की आत गेलेलं पाणी बाहेर पडत नाही. तेल किंवा लाकडात मुरणारं काहीतरी बरं, ते दर काही वर्षांनी पुन्हा लावावं लागतं पण कुजणं आधी डोळ्याला दिसतं. क्लोजअप फोटो असेल तर टाका इथे.