गॅदरिंगचं नाटक वेगळं आणि हे वेगळं

कुणीतरी विचारलंय की शाळेत गॅदरिंगला नाटक बसवतातच मग मुलांसाठी वेगळं नाटकाचं वर्कशॉप कशाला. अहो पण गॅदरिंगमधे पाठांतर चांगलं असलेल्या चार पोरांनाच काम मिळतं. ब्राझीलच्या ऑगस्तो बोआल या नाट्यदिग्दर्शकानी १९७० च्या दशकात फोरम थिएटर सुरू केलं, त्यात बघणाराच मधे थांबवतो आणि पात्राच्या जागी जाऊन प्रसंग बदलून बघतो. आमच्याकडे वर्कशॉपमधे आठवीत असाच चिडवाचिडवीचा प्रसंग घेतलेला, एरवी गप्प असणारी मुलगी उठली आणि नुसत्या बघत बसलेल्या मैत्रिणीची जागा घेऊन म्हणाली, चल गं, आपण जाऊ इथून. मग काय, पोरं तावातावाने बोलायलाच लागली! फक्त ज्याच्यावर खरंच बेतलंय त्याला तीच भूमिका देऊ नका, आणि नंतर बोलायला समुपदेशक किंवा विश्वासातल्या बाई हव्यातच.