मदत हवी आहे: गर्भाची वाढ, आठवड्यांचा घोळ आणि फुफ्फुसं

नमस्कार मंडळी. बीएस्सी नर्सिंगला आहे, सध्या मिडवायफरी चालू आहे. गर्भाच्या वाढीचा धडा दोन पुस्तकांतून वाचतेय आणि डोक्याचा पार भुगा झालाय. एकात न्यूरल ट्यूब (मेंदू आणि मज्जारज्जू ज्यातून बनतात ती नळी) चौथ्या आठवड्याअखेर मिटते, दुसऱ्यात सहाव्या. हृदयाचे ठोके म्हणे २२व्या दिवशी सुरू होतात, पण ओपीडीत पाचव्या आठवड्याला सोनोग्राफीत ठोके दिसले नाहीत तरी मॅडम निवांतपणे 'नंतर परत या' सांगतात. व्हायवाला (तोंडी परीक्षेत) कुठला आकडा सांगायचा?

दुसरं, १२ आठवड्यांपर्यंत बहुतेक अवयव जागेवर येतात, मूत्रपिंडं लघवीसुद्धा करायला लागतात. मग फुफ्फुसंच एवढी मागे का? एनआयसीयूच्या (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाच्या) पोस्टिंगला ३० आठवड्यांचं बाळ पाहिलं. जन्मल्यावर रडलं, हातपाय हलवले, आणि थोड्याच वेळात छाती आत ओढायला लागलं. नाकपुड्या फुललेल्या, प्रत्येक उच्छ्वासाला कण्हणं. असं का होतं?

तिसरं, रक्ताभिसरण. डक्टस व्हेनोसस, फोरामेन ओव्हेल, डक्टस आर्टेरिओसस ही पोटातल्या बाळाच्या रक्ताच्या आडवाटांची नावं झोपेतही सांगेन, पण आकृती काढायला बसले की अम्बिलिकल व्हेनमध्ये (नाळेतल्या शिरेत) शुद्ध रक्ताचा लाल भरू की अशुद्धाचा निळा, इथेच पेन्सिल अडते.

तक्ते नका देऊ प्लीज, ते ढीगभर आहेत. कारणं हवीत.

प्रतिसाद १

अगं, दोन्ही पुस्तकं बरोबर आहेत. एक फलनापासून मोजतं, दुसरं शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. २८ दिवसांचं चक्र धरलं तर फरक दोन आठवड्यांचा. त्यामुळे फलनापासूनचा २२वा दिवस म्हणजे कार्डावरचे, पाळीपासूनचे पाच आठवडे. ठोके मशीनवर दिसायला सहा उजाडतात. व्हायवात आकड्याआधी 'फलनापासून' की 'पाळीपासून' ते बोलायचं, मग कोणी अडवत नाही.

फॉलिक अ‍ॅसिडचा प्रश्न इथूनच निघतो, तयार राहा. न्यूरल ट्यूब फलनानंतर २८व्या दिवसाच्या सुमारास मिटते, म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले. बाई नाव नोंदवायला येईपर्यंत वेळ गेलेली असते. म्हणून रोज ४०० मायक्रोग्रॅम दिवस राहण्याच्या आधीपासून.

फुफ्फुसांचं म्हणशील तर पोटात श्वासाचं काम वार (प्लासेंटा) करते, त्यामुळे त्यांना घाई नसते. वायुकोश (फुफ्फुसांतले हवेचे बारीक फुगे) आतून ओले असतात आणि श्वास सोडला की ओल्या प्लास्टिकच्या पिशवीसारखे चिकटतात. हे चिकटणं रोखतं सरफॅक्टंट. वायुकोशांतल्या टाइप २ पेशी ते साधारण २४ आठवड्यांपासून बनवू लागतात, पण पुरेसं साठायला ३४-३५ आठवडे लागतात. तू ऐकलंस ते कण्हणं म्हणजे बाळ घशाचं दार अर्धवट मिटून हवा आत धरून ठेवतंय. दर श्वासाला मिटलेले वायुकोश नव्याने उघडायचे म्हणजे केवढी मेहनत, त्यात ते दमतं. २४ ते ३४ आठवड्यांत कळा सुरू झाल्या की आईला डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड देतात ते बाळाची फुफ्फुसं लवकर तयार व्हावीत यासाठीच: ६ मिग्रॅ, १२ तासांच्या अंतराने चार डोस, स्नायूत.

प्रतिसाद २

वरच्या ताईंनी छान सांगितलंय, रक्ताभिसरणाचं मी लिहिते. व्हेनमध्ये लाल भर. हृदयाकडे आणते ती व्हेन, मग रक्त शुद्ध असो वा अशुद्ध. नाळेत ती एकच, आर्टरी दोन.

वारेतून आलेलं चांगलं रक्त बरंचसं डक्टस व्हेनोससमधून यकृताला बगल देऊन हृदयाच्या उजव्या एट्रियममध्ये (वरच्या कप्प्यात) येतं आणि फोरामेन ओव्हेलमधून थेट डावीकडे जातं. हृदयाला आणि मेंदूला पहिला वाटा मिळावा ही सगळी सोय. फुफ्फुसं द्रवाने भरलेली, त्यांच्या वाहिन्या आवळलेल्या, म्हणून तिकडे निघालेलं बहुतेक रक्त डक्टस आर्टेरिओससमधून एओर्टात (मुख्य धमनीत) उतरतं. पहिल्या श्वासाबरोबर त्या वाहिन्या सैलावतात, डावीकडचा दाब वाढतो आणि फोरामेनचा पडदा मिटतो. डक्टस आर्टेरिओसस मात्र आकसायला तास-दिवस घेतो, आणि कमी दिवसांच्या बाळात उघडाच राहू शकतो. तुझ्या ३० आठवड्यांच्या बाळाच्या छातीला म्हणूनच डॉक्टर पुन्हापुन्हा स्टेथोस्कोप लावत असणार.

धागाकर्ती

दोघींनाही मनापासून धन्यवाद! आकृती लगेच काढली. एक शेवटचं: दहा आठवड्यांच्या सोनोग्राफीत आतड्यांचा भाग नाळेत दिसला तर ते दोषात धरायचं का?

प्रतिसाद १

नाही गं. तेव्हा पोटात जागा कमी असते, यकृतच केवढं मोठं! आतडी नाळेत वाढतात आणि वळण घेत १२ आठवड्यांपर्यंत आत परततात. त्यानंतरही बाहेर असतील तरच पुढच्या तपासण्या.