पुरातून वाचलेल्या गेमच्या १४ डिस्क घरात आहेत. पीएस५ (प्लेस्टेशन ५) घ्यावा की नवा एक्सबॉक्स?

कृष्णाकाठ (सांगली), १७ जानेवारी २०२१

नमस्कार मंडळी. प्रश्न नेहमीचाच आहे, पण माझी परिस्थिती जरा वेगळी आहे म्हणून सविस्तर लिहितो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये गावभागातल्या आमच्या घरात पाणी शिरलं. २००५ ला ते उंबऱ्याशी येऊन थांबलं होतं. त्या हिशोबाने आम्ही सामान पलंगावर आणि टेबलावर चढवलं आणि आजीला घेऊन मिरजेला मावशीकडे गेलो. या वेळी आयर्विन पुलापाशी पातळी ५७ फुटांवर गेली. परत आलो तेव्हा स्विचबोर्डाच्या वर चिखलाची रेघ होती. पीएस४ शोकेसमध्ये होता. उचलून तिरका केला तर जाळीतून पातळ गाळ ओघळला. टीव्हीही गेला. गेमच्या डिस्कचं खोकं मात्र आईने पावसाळ्याआधी माळ्यावर ठेवलं होतं, ते तसंच राहिलं. गॉड ऑफ वॉर, अनचार्टेड ४, विचर ३, होरायझन, स्पायडर-मॅन, रेड डेड रिडेम्प्शन २ (याच्याच दोन डिस्क आहेत), फिफा १९ आणि बाकीच्या अशा एकूण १४. एकेक पगारातून जमवलेल्या आहेत. रेड डेड अर्धा राहिलाय.

आता भिशी लागली आहे आणि ५०,००० पर्यंत खर्च करता येईल. एक्सबॉक्स नोव्हेंबरपासून मिळतोय: सिरीज एक्स ४९,९९० आणि छोटा सिरीज एस ३४,९९०. पीएस५ आपल्याकडे २ फेब्रुवारीला येतोय, तोही ४९,९९०. १२ तारखेला दुपारी १२ वाजता बुकिंग सुरू झालं तेव्हा मी पतसंस्थेत काउंटरवर होतो. जेवायच्या सुट्टीत बघितलं तर सगळीकडे 'स्टॉक संपला'.

टीव्ही पुरानंतर घेतलेला ४३ इंची फुल एचडी आहे. फायबर ४० एमबीपीएसचं, पण धाकट्या भावाची अकरावी त्यावरच चालते. वीज अधूनमधून जाते, इन्व्हर्टर आहे. भावाचे मित्र सगळे पीएस४ वर फिफा खेळतात.

मला एकदाच घ्यायचंय आणि सहा-सात वर्षं वापरायचंय. ज्यांनी हाताळलंय त्यांनी सांगा.

हडपसरकर, १७ जानेवारी

मी नोव्हेंबरपासून सिरीज एस वापरतोय, त्यामुळे अनुभवाचं सांगतो. तुमचा टीव्ही फुल एचडी आहे ना? मग ४के साठी जादा पैसे घालू नका. सिरीज एक्सची ताकद १२ टेराफ्लॉप्स (आकडेमोडीच्या वेगाचं माप), पीएस५ ची १०.२८, एसची ४. आकडे ऐकून एस लंगडा वाटतो, पण तो मुळात कमी रेझोल्यूशनसाठीच बनवलाय. ४३ इंचाच्या फुल एचडीवर बसून बघा, तक्रारीला जागा सापडत नाही.

खरा फायदा गेम पासचा, म्हणजे महिन्याचं भाडं भरून गेम खेळायची एक्सबॉक्सची योजना. त्यातली अल्टिमेट महिना ६९९ रुपये. एस घेतल्यावर जे १५,००० वाचतात त्यात २१ महिन्यांचं भाडं निघतं. शंभराहून जास्त गेम, वर ईए प्ले, म्हणजे फिफावाल्या ईए कंपनीची अशीच योजना, तीही त्यातच आली. सप्टेंबरमध्ये मायक्रोसॉफ्टने बेथेस्डा या गेम बनवणाऱ्या कंपनीची मूळ कंपनी साडेसात अब्ज डॉलरला घ्यायचं जाहीर केलं, म्हणजे पुढे त्यांचेही गेम यात येतील. क्विक रिझ्यूम तर वापरून बघायलाच हवं: गेम अर्धा सोडा, दुसरा लावा, पहिल्यावर परत या, सोडला होता तिथेच उभा.

उणीवही सांगतो. हेलो इन्फिनिट पुढे ढकलला, त्यामुळे खास या मशीनसाठीचा असा मोठा गेम सध्या नाही. आणि ५१२ जीबीपैकी हाताला ३६४ जीबीच लागतात. मोठे चार-पाच गेम टाकले की पुसापुशी सुरू.

पार्लरवाला (कोल्हापूर), १८ जानेवारी

कृष्णाकाठ दादा, पूर आम्हीही बघितला. माझं गेमचं पार्लर दहा वर्षं चाललं, लॉकडाऊनमध्ये बंद केलं. पीएस२ पासून पीएस४ पर्यंत सगळी मशीनं या हातांखालून गेली आहेत.

माझं मत सरळ आहे. टेराफ्लॉप्स बाजूला ठेवा. आपल्या भागात कन्सोल घेताना पहिल्यांदा बघायचं ते सीडी टाकायची खाच आहे का. सिरीज एसला ती नाही, आणि पीएस५ ची डिजिटल आवृत्ती निघाली आहे तिलाही नाही. खाच नसली की गेम फक्त कंपनीच्या दुकानातून, कंपनी सांगेल त्या भावाने. नव्या पिढीचा मोठा गेम आता ४,९९९ ला झालाय. डिस्कचा असला तर तुम्ही तो संपवता, महिन्याभरात कमी-जास्त करून विकता, किंवा मित्राला देता आणि त्याचा आणता. पार्लरमध्ये येणारी पोरं अशीच खेळायची. चौघांत एक सीडी घ्यायची, आठवड्याच्या पाळ्या लावायची, कव्हरच्या आत पेन्सिलीने नावं आणि तारखा. ज्याला एकट्याला चार गेम परवडले नसते, त्याने वीस खेळले. डाउनलोड केलेला गेम असा फिरत नाही.

दुसरं नेटचं. ४० एमबीपीएसवर सेकंदाला ५ एमबी धरा. १०० जीबीचा गेम उतरायला साडेपाच तास, तेही घरात दुसरं कोणी नेट वापरत नसेल तर. तुमच्याकडे निदान फायबर आहे. माझ्या गावाकडच्या गिऱ्हाइकांना मोबाइलचा रोजचा २ जीबीचा पॅक, त्यांना पन्नास दिवस लागले असते. डिस्कवरून निम्म्याहून जास्त माल मशीनमध्ये तिथेच उतरतो, नेटवरून फक्त अपडेट घ्यायचे. आता अपडेटही मोठे येतात हे खरं, पण पूर्ण गेमइतके नाहीत.

आणि तुमच्याकडे १४ सीड्या आहेत! एक्सबॉक्सला त्या चालणार नाहीत. सिरीज एक्सची मागची परंपरा चांगली आहे, अगदी पहिल्या एक्सबॉक्सचेही काही गेम चालतात, पण ते त्यांच्याच घरातले. डिस्कवाल्या पीएस५ मध्ये पीएस४ चे जवळपास सगळे गेम चालतात. विचर ३ ची नवी आवृत्ती येणार आहे, जुना गेम ज्यांच्याकडे आहे त्यांना ती मोफत देऊ असं त्या कंपनीने जाहीर केलंय. आज त्या जुन्या वाटतील, पण मशीन आलं की पहिल्या दिवशी तेरा गेम तयार. नवे घ्यायचे झाले तर तेवढ्यात दुसरं मशीन आलं असतं.

फक्त एक काम आधी करा. पैसे भरायच्या अगोदर सगळ्या सीड्या कोणाच्या तरी पीएस४ वर लावून बघा. पाणी माळ्यापर्यंत पोहोचलं नसलं तरी घर दीड-दोन महिने ओलं होतं. ओलीत खोकी ठेवली की सीडीवर कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी उठते, ती बुरशी. उजेडात तिरकी धरा म्हणजे दिसेल. मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. आणि नुसता गेम सुरू झाला म्हणून थांबू नका, पूर्ण कॉपी होऊ द्या. खराब डिस्क ७०-८० टक्क्यांवर अडकते.

सोल्डरगन (नाशिक), १९ जानेवारी

दुरुस्तीचं काम करतो. बुडालेला पीएस४ अजून घरात असेल तर प्लगला लावून बघू नका. त्यातली हार्ड डिस्क काढून दुसऱ्या पीएस४ ला लावली तरी जुने सेव्ह (गेम कुठवर आला त्याच्या नोंदी) मिळत नाहीत, ती त्या मूळ मशीनशी बांधलेली असते. रेड डेड पहिल्यापासून खेळावा लागेल, वाईट वाटतं पण खरं आहे.

विजेबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. पीएस५ आणि सिरीज एक्स नवा गेम चालवताना साधारण २०० वॉटच्या आसपास खेचतात, सिरीज एस त्याच्या निम्म्याहून कमी. घरच्या इन्व्हर्टरला टीव्हीसकट हा भार जड नाही. अडचण वेगळी असते. वीज गेल्यावर इन्व्हर्टर चालू व्हायला जो क्षणभर वेळ लागतो, तेवढ्यात कन्सोल बंद पडतो. इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस मोडचं बटण असतं, ते चालू करा म्हणजे हा वेळ कमी होतो. साइन वेव्ह इन्व्हर्टर असेल तर उत्तम. माझ्याकडे येणाऱ्या मशीनांत कॉपी किंवा अपडेट चालू असताना वीज गेलेली बरीच असतात.

पीएस५ उभा ३९ सेंटीमीटर आहे. शोकेसच्या कप्प्यात कोंबू नका, मागे हवा खेळायला जागा ठेवा. आणि यंदा जागा निवडताना जमिनीपासूनची उंची बघाल, हे सांगायला नकोच.

हडपसरकर, १९ जानेवारी

डिस्कचा मुद्दा मला पटला. माझ्याकडे जुनं काहीच नव्हतं आणि इमारतीत १०० एमबीपीएस आहे, म्हणून मला एस फळला. तेरा गेम घरात असते तर मीही थांबलो असतो.

एडिसनहून (न्यू जर्सी), २० जानेवारी

कोणीतरी 'अमेरिकेतून मागवा' सुचवेलच, म्हणून आधीच सांगतो: इथे ४९९ डॉलरचा पीएस५ दुकानात दिसत नाही. वेबसाइटवर आला की पान उघडेपर्यंत संपतो, आणि मग दुप्पट भावाने विकणारे भेटतात. भाच्यासाठी मी दोन महिने प्रयत्न करतोय. शिवाय वॉरंटी तिकडे चालणार नाही. तिथलाच घ्या.

कृष्णाकाठ, २० जानेवारी

सगळ्यांचे मनापासून आभार. पार्लरवाले दादा, ते पाळ्यांचं वाचून आमचा कॉलेजचा कट्टा आठवला. सीड्या तपासायचं मला सुचलंच नसतं.

एक शंका. भावाला मित्रांबरोबर फिफा २१ खेळायचाय आणि ते सगळे पीएस४ वर राहणार. पीएस५ घेतला तर त्यांच्याशी जोडता येईल का? आणि दुसरा कंट्रोलर?

पार्लरवाला, २१ जानेवारी

फिफा २१ ची पीएस४ ची डिस्क घ्या. तीवर पीएस५ ची आवृत्ती मोफत मिळते. पण पीएस५ आवृत्तीतून पीएस४ वाल्यांशी सामना लागत नाही. मित्रांबरोबर खेळताना पीएस५ मध्येच पीएस४ ची आवृत्ती लावायची, एकटा खेळताना नवी. दोन्ही ठेवता येतात. एक्सबॉक्स घेतला तर मात्र भाऊ या टोळीतून बाहेर पडला असं समजा.

कंट्रोलरचं असं: पीएस४ चा जुना कंट्रोलर पीएस५ वर पीएस४ चे गेम खेळायला चालतो, पीएस५ च्या गेमना चालत नाही. नवा ड्युअलसेन्स ५,९९० ला आहे. भावाच्या मित्राने स्वतःचा आणला तर सध्या भागेल.

कृष्णाकाठ, ३१ जानेवारी

दोन रविवार घालवून सीड्या तपासल्या. कुपवाडला मित्राकडे पीएस४ आहे, खोकं गाडीवर मांडीत धरून भाऊ मागे बसला.

खोकं उघडल्यावर आधी तो वास आला, ओल्या भिंतीचा. कव्हरचे कागद पिवळे पडलेत, पण डिस्क बघून जीव भांड्यात पडला. तिरक्या धरल्यावर चार डिस्कवर तुम्ही सांगितली तशी जाळी दिसली. मित्राच्या आईने जुन्या धोतराचा तुकडा दिला. मधून कडेला, मधून कडेला, एकेकीला दहा-पंधरा मिनिटं. मग लावायची आणि टक्के बघत बसायचं.

अनचार्टेड, विचर, स्पायडर-मॅन सरळ गेल्या. रेड डेडची पहिली डिस्क ६४ टक्क्यांवर थांबली आणि 'वाचता येत नाही' म्हणाली. बाहेर काढली, परत पुसली, परत ६४ वर. तिसऱ्या वेळी काठाजवळ एक ठिपका दिसला, तो ओल्या कापडाने अलगद भिजवून काढला आणि पूर्ण कोरडी करून लावली. ६४ गेले, ७० गेले. आम्ही तिघंही बोलत नव्हतो. १०० झाल्यावर भावाने टाळी दिली. दुसरी डिस्क लावून गेम उघडला, बर्फातून घोडे चालले होते.

होरायझन काही केल्या होईना. तिच्या वरच्या छापील बाजूलाच पापुद्रा सुटलाय. बाकी १३ डिस्क चालतात, म्हणजे बारा गेम.

तर डिस्कवाला पीएस५ घ्यायचं ठरलं. परवा २ तारीख, पण तो बुकिंगवाल्यांचा दिवस. आमच्या इथल्या दुकानदाराने वहीत नाव लिहून घेतलंय, सातवा नंबर आहे. ठरलेल्या किमतीलाच देईन असं त्याने सांगितलंय. भिशीचे पैसे तोवर बाजूला ठेवलेत. इन्व्हर्टरच्या मागचं बटण बघितलं, ते दुसऱ्याच मोडवर होतं, बदललं. मशीनसाठी टीव्हीच्या वर, छताखाली हातभर अंतरावर, सुताराकडून फळी मारून घेतोय. मागून उघडी.

होरायझनची चालू डिस्क सांगली-मिरज-कोल्हापूर भागात कोणाकडे विकायला असेल तर इथेच कळवा. बदल्यात स्पायडर-मॅन महिनाभर वापरायला देईन.