रोजचा प्रवास आणि सुट्टीतील भटकंती यांसाठी घडीची सायकल: चाक १६ इंची घ्यावे की २० इंची?

सकाळचा_प्रवासी

नमस्कार. घरापासून रेल्वेस्थानक साधारण चार किलोमीटरवर आहे, आणि गाडीतून उतरल्यावर कार्यालय आणखी तीन किलोमीटरवर. ही दोन्ही अंतरे सायकलने कापावीत आणि मधला प्रवास सायकल सोबत घेऊन गाडीने करावा, असा विचार आहे. स्थानकावर जिने चढावे लागतात. कार्यालयात सायकल टेबलाखाली किंवा कपाटाशेजारी ठेवण्याची परवानगी मिळाली आहे. सुट्टीच्या दिवशी याच सायकलवर तीस-चाळीस किलोमीटरचा फेरफटका मारता यावा, अशीही इच्छा आहे. वाटेत थोडे चढ आहेत आणि रस्ता काही ठिकाणी खडबडीत आहे.

माझी उंची १७५ सेंटिमीटर आणि वजन ८२ किलो आहे. लहान चाकाची सायकल दमवते, असे काहीजण सांगतात, तर घडी लहान नसेल तर सायकल रोज नेणे होतच नाही, असे इतरांचे म्हणणे आहे. कोणत्या गोष्टीला किती महत्त्व द्यावे, हे ज्यांनी अशी सायकल नियमित वापरली आहे त्यांच्याकडून जाणून घ्यायला आवडेल.

जिना_आणि_फलाट

आपल्या दिनक्रमात सायकल दिवसातून चार वेळा उघडावी लागेल आणि चार वेळा तिची घडी करावी लागेल. निवडीची सुरुवात मी तरी याच आकड्यापासून करेन. सायकल चालवून पाहताना ती कशी धावते याकडे सगळ्यांचे लक्ष असते. पण अशा मिश्र प्रवासात सायकल टिकते की अडगळीत पडते, हे बहुतेक वेळा तिची घडी किती सहज होते, घडी झाल्यावर ती आपोआप उघडत तर नाही ना, आणि एका हाताने उचलून गर्दीतून नेता येते का, यांवर ठरते.

१६ इंची चाकांच्या सायकलींमध्ये ब्रॉम्प्टन या ब्रिटिश घडीच्या सायकलीची रचना आजही आदर्श मानली जाते, आणि त्यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. अँड्र्यू रिची यांनी १९७० च्या दशकाच्या मध्यात लंडनमध्ये ती तयार केली. त्यात मागचे चाक चौकटीच्या खाली वळते, पुढचा भाग बाजूला येऊन त्याला बिलगतो, आणि सीटपोस्ट (सीटखालचा दांडा) खाली सरकवला की सारी घडी जागच्या जागी अडकून बसते. चेन दोन चाकांच्या मध्ये येत असल्यामुळे कपड्यांना वंगण लागत नाही. घडीचे माप साधारण ६५ × ५९ × २७ सेंटिमीटर भरते, म्हणजे ती टेबलाखाली सरकते आणि गाडीत दोन आसनांच्या मधल्या जागेतही बऱ्याचदा मावते. मधोमध दुमडणाऱ्या २० इंची सायकलीची घडी साधारण ८० × ६५ × ४० सेंटिमीटरच्या आसपास असते. कागदावर हा फरक थोडा वाटतो. पण २७ आणि ४० सेंटिमीटर जाडीतला फरक गर्दीच्या डब्यात शेजाऱ्याच्या गुडघ्याला लगेच कळतो.

वजनाच्या बाबतीत दोन्ही प्रकार साधारण ११ ते १३ किलोंच्या दरम्यान असतात, त्यामुळे केवळ चाक लहान म्हणून सायकल हलकी असेल असे गृहीत धरू नये. दुकानात नुसती उचलून पाहू नका. घडी करून एक पूर्ण जिना चढा, आणि उचलताना हात कुठे धरावा लागतो, पेडल पोटरीला लागते का, हे तपासा. घडी झालेली सायकल ढकलत नेण्याची सोय आहे का, हेही पाहा, म्हणजे लांबलचक फलाटावर सारे वजन हातात घेऊन चालण्याची वेळ येणार नाही. आपल्या मार्गावरील रेल्वेचा नियम सायकलीच्या मापाविषयी, पिशवीत घालण्याविषयी आणि गर्दीच्या वेळांविषयी काय सांगतो, ते खरेदीपूर्वी वाचून घ्यावे.

लांबचा_पल्ला

वरील प्रतिसादातील घडीविषयीचे म्हणणे मान्य आहे. तरीही आपण खडबडीत रस्ता, चढ आणि चाळीस किलोमीटर यांचा उल्लेख केला आहे, म्हणून २० इंची चाकाची बाजू मांडतो.

‘लहान चाक दमवते’ हे विधान सरसकट खरे नाही. लहान चाकाच्या सायकलीत गिअरचे प्रमाण त्या चाकाला साजेसे मोठे ठेवलेले असते, त्यामुळे पाय जास्त वेळा फिरवावे लागतात ही समजूत चुकीची आहे. ४० मिलिमीटर रुंद टायर लावलेल्या २० इंची चाकाचा परीघ सुमारे १.५३ मीटर होतो. पुढच्या दातेरी चक्राला ५२ आणि मागच्याला १३ दात असतील तर पेडलच्या एका पूर्ण फेरीत सायकल ६.१ मीटर पुढे जाते. मिनिटाला ७५ फेऱ्या मारल्या की वेग ताशी २७ किलोमीटरच्या जवळ पोहोचतो. रोजच्या प्रवासाला याहून अधिक काही लागत नाही. ब्रिटिश अभियंते ॲलेक्स मोल्टन यांनी १९६२ साली लहान चाके, जास्त हवेचे टायर आणि पुढे-मागे हादरे शोषणारी रचना (सस्पेन्शन) असलेली सायकल बाजारात आणली, आणि त्याच वर्षी सायकलपटू जॉन वुडबर्न यांनी तशा सायकलीवर कार्डिफ ते लंडन या मार्गाचा विक्रम मोडला. ती सायकल घडीची नव्हती, पण लहान चाक म्हणजे मंद सायकल, ही समजूत तिने तेव्हाच खोडून काढली होती.

खरा फरक खराब रस्त्यावर जाणवतो. चाक जितके लहान, तितके ते खड्ड्यात खोल उतरते आणि खड्ड्याची कड त्याला अधिक उभ्या कोनात धडकते. म्हणून लहान चाकाला रुंद टायर हवा, आणि २० इंची चौकटीत असा टायर बसवायला सहसा जागा असते. आपल्या वजनाला ४५-४७ मिलिमीटर रुंद टायरमध्ये ४५ ते ६० पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) दाब ठेवला तर हादरे पुष्कळ कमी होतात; १६ इंची चाकाच्या अरुंद टायरला मात्र ७५ ते १०० पीएसआय इतकी हवा भरावी लागते आणि प्रत्येक खडा हातापर्यंत पोहोचतो. टायरवर छापलेली कमाल मर्यादा अर्थातच पाळावी.

चढांसाठी सर्वांत लहान गिअर पाहा. पुढे ५२ आणि मागे ३२ दात असतील तर एका फेरीत साधारण अडीच मीटर अंतर कापले जाते, आणि सामानासह मध्यम चढ त्यावर बसूनच चढता येतो. मागचे मोठे दातेरी चक्र २८ दातांचे असेल तर हेच अंतर २.८ मीटर होते, जे सौम्य चढाला पुरते. हबच्या आतील तीन गिअरची रचना दैनंदिन वापराला उत्तम आहे, कारण ती धूळ-पावसापासून सुरक्षित असते आणि सायकल थांबलेली असतानाही गिअर बदलता येतो. पण तिच्या वरच्या आणि खालच्या गिअरमध्ये साधारण १७८ टक्क्यांचीच व्याप्ती मिळते, म्हणजे सर्वांत मोठा गिअर सर्वांत लहान गिअरच्या जेमतेम पावणेदोन पट असतो, त्यामुळे चढाचा रस्ता असल्यास ती अपुरी पडते.

एक व्यावहारिक बाब सहसा कोणी सांगत नाही. ‘२० इंची’ या एकाच नावाखाली रिमची दोन वेगळी मापे विकली जातात, ४०६ आणि ४५१ मिलिमीटर. ‘१६ इंची’ या नावाखालीही ३०५ आणि ३४९ अशी दोन मापे आहेत. एकाचा टायर दुसऱ्याला बसत नाही. ४०६ हे माप मुलांच्या आणि कसरतीच्या सायकलींनाही वापरले जात असल्याने त्याचे टायर-ट्यूब जवळपास सगळीकडे मिळतात. रोज वापरायच्या सायकलीसाठी ही गोष्ट मला चकचकीत रंगापेक्षा कितीतरी महत्त्वाची वाटते.

बिजागरी

चाकांची चर्चा पुरेशी झाली आहे, म्हणून मी फक्त सांध्यांविषयी लिहितो, आणि हा मजकूर कृपया वरवर वाचू नये.

घडीच्या सायकलीत चौकटीची बिजागरी आणि हँडलपोस्टची (हँडलच्या उभ्या दांड्याची) बिजागरी हे दोन भाग आपला जीव सांभाळतात. हँडलपोस्ट लांब असल्यामुळे हातांनी दिलेला प्रत्येक जोर तरफेसारखा वाढून खालच्या बिजागरीवर येतो. तपासणी सोपी आहे: पुढचा ब्रेक घट्ट दाबून ठेवा आणि हँडल पुढे-मागे हलवा. टकटक जाणवली तर दोष बिजागरीत, स्टिअरिंगच्या बेअरिंगमध्ये किंवा ब्रेकमध्ये असू शकतो. तो नेमका कुठे आहे हे कळण्यासाठी दुसऱ्या हाताची बोटे एकेका सांध्यावर ठेवून पाहावे. कळ दाबून बंद होणारी बिजागरी असेल तर कळ अर्ध्यावर आल्यापासून विरोध जाणवायला हवा. ती सैलपणे बंद होत असेल तर ताण देणारा स्क्रू थोडा आवळून घ्यावा, आणि दुय्यम खटका (कळ आपोआप उघडू न देणारा) बसल्याखेरीज सायकलवर बसूच नये. वेल्डच्या आसपास रंगाला केसासारखी रेघ दिसली तर ती रंगाची आहे की धातूची, हे जाणकाराने सांगेपर्यंत ती सायकल चालवू नये.

सीटपोस्टवर ‘किमान आत’ अशी खूण असते. ती बाहेर दिसता कामा नये. १७५ सेंटिमीटर उंचीला बहुतेक सायकलींचा सीटपोस्ट पुरतो, पण टाच पेडलवर ठेवून पाय सरळ होईपर्यंत सीट वर घ्या आणि मगच खूण पाहा. आपल्यासाठी योग्य उंची सापडली की तिथे टिकाऊ रंगाची एक बारीक रेघ काढून ठेवावी, म्हणजे रोज चार वेळा अंदाज बांधावा लागणार नाही. वजनमर्यादाही वाचा: अनेक उत्पादक ती १०० ते ११० किलो देतात, आणि काही उत्पादक त्यात सामानही धरतात. सायकलींच्या सुरक्षिततेचे आयएसओ ४२१० हे आंतरराष्ट्रीय मानक घडीच्या सायकलींनाही लागू होते; त्याचा उल्लेख पुस्तिकेत आहे का, ते विचारावे.

चालवण्याच्या पद्धतीत तीन बदल करा. हँडल फार चटकन वळते, म्हणून एक हात सोडून इशारा करण्याचा सराव आधी रिकाम्या जागेत करून घ्यावा. चढावर उभे राहून हँडल ओढू नये; लहान गिअर टाकून, शरीर किंचित पुढे झुकवून बसूनच चढावे. लांब उतारावर रिमला घासणारे ब्रेक सतत दाबून ठेवू नयेत, कारण लहान रिम लवकर तापते. पुढचा-मागचा आलटून पालटून, थोडा वेळ जोराने दाबून सोडावा.

सकाळचा_प्रवासी

सर्वांचे मनापासून आभार. आपापल्या बाजूची कारणे इतक्या तपशिलाने मांडलीत, त्यामुळे मला माझ्या जिन्याचा आणि रस्त्याचा नव्याने विचार करता आला. आता दोन शंका उरल्या आहेत. कार्यालयात नेण्याची पिशवी कुठे लावावी? आणि वापरलेली सायकल चांगल्या स्थितीत मिळत असेल तर ती घ्यावी का?

जिना_आणि_फलाट

पिशवी शक्यतो पाठीवर नको. काही सायकलींच्या चौकटीच्या पुढच्या नळीवर पिशवी अडकवण्याची खाच असते. ती पिशवी हँडलसोबत वळत नाही, त्यामुळे वजन असूनही सुकाणू हलके राहते आणि घडी करताना ती एका झटक्यात काढता येते. मागच्या कॅरियरवर पिशवी लावायची असेल तर टाच तिला लागत नाही ना, हे आधी पाहा, कारण लहान चाकामुळे कॅरियर बराच खाली असतो. हँडलला पिशव्या लोंबकळू देऊ नका.

एक विनंती आहे. आपल्या परिसरात कोणाकडे दोन्ही प्रकारच्या सायकली असतील तर एकेक दिवस मागून घ्या आणि कामाच्या दिवशी, गर्दीच्या वेळी, नेहमीच्या मार्गाने घर ते कार्यालय जाऊन पाहा. सुट्टीच्या सकाळी घेतलेल्या फेरीतून आपल्या प्रश्नाचे उत्तर मिळणार नाही.

बिजागरी

वापरलेली सायकल जरूर पाहावी, मात्र केवळ उघडी असताना नव्हे, घडी केलेल्या अवस्थेतही. बिजागरीची आतली दोन तोंडे स्वच्छ पुसून पाहा: धातू एका बाजूला अधिक झिजला असेल, तर ती बराच काळ सैल अवस्थेत चालवली गेली आहे. खीळ हाताने हलते का, ते पाहा. ब्रेक आणि गिअरच्या तारा घडीच्या जागी वाकतात, तिथे त्यांचे वरचे आवरण चिरलेले असते. हा दोष स्वस्तात दुरुस्त होतो, त्यासाठी चांगली सायकल नाकारू नये. सीटपोस्टवर उभे खोल ओरखडे असतील, तर तो ज्यात सरकतो ती आतली बाही झिजलेली असण्याची शक्यता असते. आपण बसून पेडल मारत असताना सीट हळूहळू खाली येते का, हे दहा मिनिटे चालवून तपासा. लहान चाक त्याच अंतरासाठी मोठ्या चाकाच्या साधारण दीडपट फेरे घेत असल्याने टायर आणि रिम लवकर झिजतात, म्हणून रिमच्या ब्रेकपट्टीवर बोट फिरवून पाहा. ती खोलगट लागली तर नव्या चाकाचा खर्च हिशेबात धरावा.

हँडलपोस्टच्या बिजागरीत मात्र थोडाही खेळ असेल आणि स्क्रू आवळूनही तो जात नसेल, तर ती सायकल कितीही स्वस्त मिळत असली तरी घेऊ नका.