मदत हवी आहे: ५७ व्या वर्षीही देखण्या माणसाकडे नजर जाते, आणि आता घरात कलप आलाय

जास्वंद_नागपूर

नमस्कार. प्रश्न थोडा आगाऊ वाटेल, पण भिशीत विचारण्यासारखा नाही म्हणून इथे. वय ५७, मुलगी सासरी सुखात. संसार चांगला चाललाय. भांडणं होतात ती पंख्याच्या स्पीडवरून आणि वरणात गूळ घालावा का यावरून.

तरीही मेट्रोत, लग्नाच्या हॉलमध्ये, बँकेच्या रांगेत एखादा देखणा माणूस दिसला की नजर जातेच. ओळख काढावी, बोलावं असं काही मनात नसतं. दिसतो, छान वाटतं, सीताबर्डी येतं, मी उतरते. पंचविशीत वाटायचं, वय झालं की हे आपोआप निवत असेल. चष्म्याचा नंबर वाढला, गुडघे कुरकुरायला लागले, पाळी जाऊनही बरीच वर्षं झाली, हे मात्र जसंच्या तसं. असं का होतं?

एवढ्यावरून धागा काढला नसता. मागच्या आठवड्यात आम्ही दोघं गोकुळपेठ बाजारात होतो. मी सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी निवडत होते. शेजारी एक गृहस्थ, पन्नाशीचे, पिकायला लागलेले केस नीट मागे वळवलेले, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. भाजीवालीशी इतकं अदबीनं बोलत होते की मी जुडी हातात धरून तशीच उभी. दोन-तीन सेकंद असतील. मान वळवली तर आमचे हे माझ्याकडेच बघत होते. बोलले काही नाहीत. पिशवी घेतली आणि म्हणाले, "वांगी राहिली."

दुसऱ्या दिवशी घरात काळा कलप. मुलीच्या लग्नात सगळे मागे लागले तेव्हा "पांढरे तर पांढरे" म्हणून ज्यांनी उडवून लावलं, ते जुना टॉवेल खांद्यावर टाकून बेसिनच्या आरशासमोर उभे, आणि कपाळावर एक काळा ओघळ. आधी हसू आलं, मग वाईट वाटलं. तेव्हापासून गप्प गप्प आहेत. विषय काढला तर मीच नसलेल्या गोष्टीला मोठं केल्यासारखं होईल, न काढावा तर करमत नाही. काय करू? उपदेश कृपया नको.

तर्री_मारके

बाप्पा ताई, तुम्ही तर दोन सेकंद पाहिलं फक्त! आमच्या कॉलनीतले काका लोकं रोज सकाळी 'तलाव पाहाले' फुटाळ्यावर जाते. मान कुठं कुठं फिरते ते आम्ही पाहूनच राहिलो ना. कायले टेन्शन घेता.

निवृत्त_मास्तर

कॉलेजात मानसशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलं, म्हणून फक्त 'असं का' याचं सांगतो. घरातलं तुमचं तुम्ही बघा.

चेहरा देखणा आहे हे ठरवताना मेंदू आपल्याला विचारत बसत नाही. २००५ मध्ये ओल्सन आणि मार्शुएट्झ या अमेरिकी संशोधकांनी लोकांना चेहरे अवघे १३ मिलिसेकंद दाखवले. पाहणाऱ्यांना वाटे, आपल्याला काही दिसलंच नाही. तरी त्यांनी अंदाजानं दिलेले गुण चेहऱ्याच्या देखणेपणाशी जुळत होते. जन्मून काही तास किंवा दिवस झालेली बाळंसुद्धा देखण्या चेहऱ्याकडे जास्त वेळ बघतात, हेही प्रयोगात दिसलंय. खोड पाळण्यातली आहे, मंगळसूत्रानं किंवा पेन्शननं ती जायची नाही. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे हार्मोन उतरतं, इच्छा कमी होऊ शकते, पण चांगलं काय दिसतं ही पारख त्यावर उभी नसते.

आता तुमच्या "बोलावं असं मनात नसतं" या वाक्याबद्दल. २००१ मध्ये बोस्टनला तरुण पुरुषांना स्त्री-पुरुष दोघांचेही फोटो दाखवले. देखण्या पुरुषांना त्यांनी देखणे म्हणून गुण दिले. पण फोटो पडद्यावर टिकून राहावा म्हणून बटणं बडवायची मेहनत घेतली ती सुंदर स्त्रियांच्याच फोटोंसाठी. आवडणं आणि हवंसं वाटणं ही मेंदूत दोन वेगळी खाती आहेत. तुमचं पहिल्या खात्यात बसतं. थोडं दुसऱ्यात सांडत असेल तरी काही बिघडलेलं नाही.

नजर जाणं आपल्या हातात नसतं, ती किती रेंगाळते यात मात्र नात्याचा वाटा असतो. रोलंड मिलर यांच्या १९९७ च्या अभ्यासात, ज्यांचं मन आपल्या नात्यात रमलेलं होतं ते देखण्या परक्यांच्या फोटोंवर कमी वेळ थांबले. जर्मनीत बॉनला २०१२ मध्ये पुरुषांच्या नाकात ऑक्सिटोसिनचा, म्हणजे जवळिकीशी जोडलेल्या हार्मोनचा, फवारा देऊन एका आकर्षक स्त्रीसमोर उभं केलं, तेव्हा जोडीदार असलेले पुरुष तिच्यापासून १०-१५ सेंटीमीटर जास्त लांब राहिले. एकट्या पुरुषांवर काही परिणाम नाही. नजर त्यांचीही गेलीच असणार, पाय मागे राहिले.

घाटावरची_सून

सर, माहिती छान. पण बघा ना, पुरुषानं पाहिलं की 'स्वभाव', बाईनं पाहिलं की धागा! माझे मिस्टर लग्नाच्या पंगतीत मान वळवतात तेव्हा मी सरळ कोपर मारते आणि विचारते, "कोणती, हिरव्या साडीतली?" तुमच्या ह्यांनी कोपर मारायला हवं होतं. वांगी कसली आठवतात!

६४_नाबाद

वहिनी, मी तुमच्या मिस्टरांच्या बाजूचा, म्हणून ऐका. बाजाराचा विषय काढूच नका. "अहो, तुम्हाला वाटतंय तसं काही नव्हतं" म्हणाल, तर त्यांना जे वाटत नव्हतं तेही वाटायला लागेल. कलपाबद्दल बोला. छान दिसतो म्हणू नका, खोटं लगेच कळतं. पांढरे आवडायचे असं म्हणा, आवडत असतील तर.

दुसरं, कलप बाजारामुळेच आला हे तुम्ही कशावरून ठरवलं? माझा आला हयातीच्या दाखल्यामुळे. मोबाइलसमोर चेहरा धरा म्हणे. त्या गोलात जो म्हातारा दिसला त्याला मी ओळखलंच नाही. बायकोचा काही संबंध नव्हता.

स्टाफ_सिस्टर

ताई, तुमचं सगळं नॉर्मल आहे. पण धागा वाचणाऱ्या इतरांसाठी एक सांगते. घरातलं वयस्क माणूस आयुष्यभर मर्यादेत राहिलं आणि अचानक परक्यांना चारचौघांत काहीबाही बोलायला, अंगचटीला जायला लागलं, तर त्याला 'म्हातारचळ' म्हणून हसू नका. पार्किन्सनच्या काही गोळ्यांनी, उदाहरणार्थ प्रॅमिपेक्सोल किंवा रोपिनिरोल, असं होऊ शकतं. मेंदूच्या पुढच्या भागाला होणाऱ्या डिमेन्शियातही होतं. गोळी मनानं बंद करू नका, न्यूरॉलॉजिस्टला दाखवा. नुसती नजर जाणं यात येत नाही.

आणि पहिल्यांदाच कलप लावला ना त्यांनी? पॅच टेस्ट केली होती का? काळ्या कलपात बहुतेक वेळा पीपीडी नावाचं रसायन असतं, त्याची काहींना ॲलर्जी येते; 'काळी मेंदी' म्हणून मिळते तिच्यातही. कानामागे थोडासा लावून ४८ तास बघायचं असतं.

जास्वंद_नागपूर

मास्तर, पाय मागे राहिले हे पटलं. सून, पुढच्या वेळी कोपर त्यांच्याकडेच सोपवते.

६४ नाबाद, तुमचं वाचून चमकले. यांच्या शाळेच्या बॅचचा ग्रुप झालाय, दिवाळीनंतर सगळे भेटणार आहेत, रोज जुने फोटो येतात. मी बाजारच धरून बसले होते. रात्री विचारते.

सिस्टर, पॅच टेस्ट कसली! पुडीवरचं वाचलंसुद्धा नसणार. कालपासून कानामागे खाजवतायत, मला वाटलं घामोळं.

स्टाफ_सिस्टर

मग आधी ते बघा ताई, बाकी बोलणं नंतर. डोकं साध्या पाण्यानं आणि सौम्य शाम्पूनं नीट धुवायला सांगा, कलप परत लावायचा नाही, उद्या त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. डोळे किंवा ओठ सुजले, श्वास लागला, तर सकाळची वाट न बघता सरळ कॅज्युअल्टीत न्या. पुडी फेकू नका, सोबत घ्या.