मिसिसिपीवरचं लॉक आणि बाबांचे प्रश्न, जाणकारांनी मदत करा

नमस्कार मंडळी, मी आयोवात डॅव्हनपोर्टला असते, सध्या आईबाबा आलेत. बाबा रिटायर होईपर्यंत पाटबंधारे खात्यात, जायकवाडीच्या कालव्यांवर. त्यामुळे रॉक आयलंडचं १५ नंबरचं लॉक-डॅम (नदीवरचा बंधारा आणि त्याला लागून बोटी खालीवर करणारा पाण्याचा कप्पा, म्हणजे लॉक) बघायला नेलं तर पहिलाच प्रश्न, "साठा किती टीएमसी?" आता काय सांगू, इथे सिंचन नाही की काही नाही, बार्जना (मालाच्या सपाट बोटींना) ९ फूट खोल पाणी मिळावं म्हणून मिनियापोलिस ते सेंट लुईस नदीच्या पायऱ्या केल्यात, बहुतेक १९३० च्या दशकात, एवढंच मला माहिती.

तेवढ्यात १५ बार्जचा ताफा आला. तीन-तीनच्या पाच रांगा आणि मागे ढकलणारी बोट, लॉक ६०० फुटी, मग मावणार कसा? तर पुढचे ९ बार्ज लॉकमध्ये सोडून बोट मागे गेली, ते खाली उतरवून विंचने ओढून काढले, पाणी परत भरलं आणि मग उरलेले ६ बोटीसकट. बाबा जागचे हलेनात, आईचा थर्मास संपला.

तर प्रश्न असे की पंप कुठेच दिसला नाही मग पाणी चढतं कसं, आणि पूर आला की हे डॅम काय करतात? बाबांचं म्हणणं, अडवत नसतील तरी फुगवटा (अडथळ्यामुळे वरच्या बाजूला चढणारं पाणी) येणारच. आणि लॉक सरळ मोठंच का नाही बांधत??

प्रतिसाद १
पंप नसतोच. भिंतींच्या आत बोगदे असतात, वरच्या अंगाचा व्हॉल्व उघडला की भरतं, खालचा उघडला की रिकामं, सगळं उतारावर. पुराचं म्हणाल तर डॅमचे रोलर गेट (आडवे दंडगोल दरवाजे) पाण्याच्या वर उचलून घेतात, नदी मोकळी वाहते, म्हणून फुगवटा कमी पाण्याच्या दिवसातला, मोठ्या पुरात नाममात्र. पाणी लॉकच्या भिंतीवरून जायची लक्षणं दिसली की लॉकच्या यंत्रांच्या विजेच्या मोटारी काढून ठेवतात आणि वाहतूक बंद.

प्रतिसाद २
१२०० फुटी आहेत की! कीओककचं १९ नंबर, शिवाय खाली ऑल्टन आणि ग्रॅनाइट सिटीला. विनफील्डला २५ नंबरचं पण हाती घेतलंय. बाकी पैशाचं घोडं अडतं, दुसरं काय. आणि परत जाल तेव्हा आधी जहाजांच्या लाइव्ह नकाशावर ताफा कुठवर आलाय ते बघून निघा, नाहीतर नुसतं पाणी बघून याल.

धागाकर्ती
खूप आभार दोघांचे! बाबांना वाचून दाखवलं. फुगवट्याचं पटलंय असं तोंडावरून तरी वाटतंय. आता विचारतायत, "बरं, आणि गाळ कोण काढतं?"