दाढीच्या लेझरसाठी आर्थिक मदत कुठे मिळेल? (मुंबई)

सई_घाटकोपर
नमस्कार. मी ट्रान्स स्त्री आहे, वय २६, एका पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर बसते. हार्मोन्सनी त्वचा मऊ झाली, पण दाढी जशीच्या तशी. सकाळी घोटून केली तरी दुपारी हनुवटी हिरवट दिसायला लागते. मास्क लावून निभावते. डबा खाताना तो काढावा लागतो, म्हणून सगळ्यांचं उरकल्यावर एकटी जेवते.

एका क्लिनिकने आठ सिटिंगचं पॅकेज सांगितलंय, ईएमआयवर. माझा पगार भाडं आणि आईच्या औषधांतच संपतो. सरकारी योजनेत हे बसतं का? शिवाय लेझर कायमचं नसतं, इलेक्ट्रोलिसिसच करावं, असंही ऐकलं. पैसे नक्की कशावर घालू?

मंदा_परळ
सई, ईएमआयवर सही करू नकोस.

२०१९ च्या ट्रान्सजेंडर कायद्याचं कलम १५ मोबाईलमध्ये ठेव. शस्त्रक्रिया, हार्मोन्स आणि लेझर यांचा खर्च भागवणाऱ्या विमा योजनेची तरतूद सरकारने करावी, असं त्यात आहे. कुणी ‘हे पार्लरचं काम’ म्हणून वाटेला लावलं तर तेच दाखव. लोकांना हा शौक वाटतो. लेडीज डब्यात चढताना काय धाकधूक होते ते आपल्यालाच ठाऊक.

२०२२ मध्ये आयुष्मान भारतखाली ट्रान्स व्यक्तींना वर्षाला ५ लाखांपर्यंतचं कवच जाहीर झालं. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांचं ट्रान्सजेंडर असल्याचं प्रमाणपत्र लागतं, त्याचा अर्ज ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या नॅशनल पोर्टलवर करायचा. तू उपनगर जिल्ह्यात, म्हणजे तुझं कार्यालय वांद्रे पूर्वेला. आयुष्मान कार्ड झालं की योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला गाठ आणि लेझर बसतं की नाही ते लेखी माग. तोंडी नकारावर परत फिरायचं नाही.

तोवर सायन किंवा केईएमच्या त्वचारोग ओपीडीत केसपेपर काढ. डॉक्टरांचं पत्र हातात असलं की कुठेही मदत मागताना वजन पडतं. सांताक्रूझच्या हमसफर ट्रस्टमध्येही, म्हणजे आपल्यासारख्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेत, विचारून ये.

माझं लेझर मैत्रिणींच्या भिशीतून झालं. पहिला नंबर त्यांनी मला दिला. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

लेझरवाली_ठाणे
मी त्वचेच्या दवाखान्यात लेझर मशीन चालवते, म्हणून पैशांच्या बाजूने सांगते. लेझर केसातला काळा रंग पकडतं. तुझे केस काळे आणि राठ असतील तर आधी लेझरच कर, मोठा भाग त्यातच कमी होतो. पांढरे किंवा बारीक केस त्याला सापडत नाहीत, त्यांच्यासाठी इलेक्ट्रोलिसिस. तू ऐकलंस ते खरं आहे, अमेरिकेचं एफडीए, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणारं सरकारी खातंसुद्धा लेझरला ‘कायमस्वरूपी घट’ म्हणतं आणि इलेक्ट्रोलिसिसला ‘कायमचं निर्मूलन’. पण त्यात एकेका केसाच्या मुळाशी सुई घालावी लागते, तास मोजून पैसे जातात. अख्ख्या दाढीला ते परवडणार नाही.

सावळ्या त्वचेला एनडी याग, म्हणजे १०६४ नॅनोमीटरचं मशीन आहे का ते विचार. नसेल तर भाजण्याची, डाग पडण्याची भीती जास्त. आधी टेस्ट पॅच करायला लाव. थ्रेडिंग आणि प्लकिंग आजपासून बंद, कारण मूळच उपटलं तर लेझर लागणार कशाला? वस्तरा चालतो.

वाढीच्या टप्प्यातल्या केसांवरच लेझर चालतं, म्हणून दोन सिटिंगमध्ये चार ते सहा आठवडे जातात. तेवढ्यात पुढच्या सिटिंगचे पैसे साठवता येतात. आठांचे एकदम कशाला भरायचे?

आणि पुढे खालची, म्हणजे जननेंद्रियाची शस्त्रक्रिया करायची असेल तर सर्जनला आत्ताच विचार. तिथले केस आधी काढायला सांगतात, ती शस्त्रक्रियेची तयारीच असते. त्याचं वेगळं पत्र घे.

सई_घाटकोपर
ताई, दोघींचे मनापासून आभार. प्रमाणपत्र आहे माझ्याकडे, कार्ड काढलेलं नाही. पॅकेजला आजच नाही कळवते. एकच विचारते, भिशीत अनोळखी बाईला घेतात का?

मंदा_परळ
ओळख करून घेऊ की. नवी फेरी दिवाळीनंतर सुरू होते, एक जागा रिकामी आहे. रक्कम तुला झेपेल तेवढी ठरवू. मेसेज कर, आणि रविवारी परळला जेवायलाच ये.